सेव्हर्न नदीवरचा बिडाचा पूल

पश्चिम इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या एका अरुंद घळीवर लोखंडी कमानीचा एक पूल आहे. त्याच्या आकारात आज कोणाला नवल वाटावे असे काही नाही. त्याच्या कमानीचा गाळा अवघा १०० फूट ६ इंच भरतो. आपल्याकडे गंगेवर, नर्मदेवर किंवा गोदावरीवर जे रेल्वेचे पूल आहेत, त्यांच्यापुढे तो खेळण्यासारखा वाटेल. तथापि लोखंडाचा मोठा पूल म्हणून जगात जो पहिल्याने उभा राहिला, तो हाच. १७७९ साली त्याची कमान नदीवर चढली आणि १ जानेवारी १७८१ रोजी त्याच्यावरून रहदारी सुरू झाली. त्याच्या पायथ्याशी पुढे जे गाव वसले, त्याचे नावच मुळी आयर्नब्रिज, म्हणजे ‘लोखंडी पूल’, असे पडले.

या पुलावर जाणकारांनी पुष्कळदा एक आक्षेप घेतलेला आहे. तो असा की, त्यात वाजवीपेक्षा दुपटीने लोखंड खर्ची पडले आहे. आक्षेप खोटा नाही. परंतु ज्याच्यापुढे गिरवायला कोणताच कित्ता नव्हता, त्याने किती लोखंड पुरे होईल, हे ठरवायचे कशावरून? आणि जे जास्तीचे पडले, ते सगळे वायाच गेले काय? आजच्या भाषणात या पुलाची कथा मी या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने सांगणार आहे.

प्रथम त्या स्थळाकडे पाहू. सेव्हर्न नदी वेल्सच्या डोंगरांत उगम पावते आणि वळणे घेत ब्रिस्टलच्या खाडीकडे जाते. ज्या घळीविषयी आपण बोलत आहो, तेथे दोन्ही काठ उंच व उताराचे आहेत. त्या काठांच्या पोटात दगडी कोळसा, लोखंडाचा दगड, चुनखडी आणि भट्टीच्या विटांना लागणारी माती, या चारही वस्तू हाताशी सापडतात. साहजिकच अठराव्या शतकात तेथे खाणी व भट्ट्या यांची गर्दी झाली. नदीतून मालाच्या शिडाच्या नावा चालत, आणि प्रवाहाविरुद्ध जाताना माणसे काठावरून दोर लावून त्या ओढीत. मात्र या काठावरून त्या काठावर जायचे, तर होडीवाचून गती नव्हती. सर्वांत जवळचा पूल बिल्डवास येथे, सुमारे दोन मैल वर होता. पावसाळी दिवसांत पाणी चढले की होडी बंद, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की होडी वाळूत. पूल हवा होता, यात शंका नव्हती. पण नदीत खांब उभे केले, तर नावांची वाट अडणार, आणि काठची जमीन तर पहिल्यापासूनच घसरती. म्हणून एकाच उडीत नदी ओलांडील, खालून डोलकाठीची नाव सुखाने जाऊ देईल आणि अंगाने हलका असेल, असा पूल पाहिजे होता. दगडाचा पूल या अटी सहजासहजी पुऱ्या करू शकत नव्हता.

मग लोखंडाचा का नको? हा विचार सुचण्यास तेथे एक खास कारण होते. याच घळीतील कोलब्रुकडेल गावी १७०९ साली अब्राहम डार्बी नावाच्या क्वेकर पंथाच्या एका गृहस्थाने लोखंड गाळण्याची नवी रीत यशस्वी करून दाखविली होती. तोपर्यंत झोतभट्टीत लाकडाचा कोळसा जाळीत, आणि लोखंडापायी राने तोडली जात. डार्बीने त्याऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरला. या रीतीने निघणारे लोखंड पातळ वाहणारे असे, आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत चांगले भरे. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचा हक्क त्याने १७०७ मध्येच मिळविला होता. म्हणजे या घराण्याचा धंदा सुरू झाला, तो स्वयंपाकघरातील भांड्यांपासून.

ज्याला आपण बीड म्हणतो, ते हेच ओतीव लोखंड होय. त्यात शेकडा तीन-चार भाग कर्ब असतो. त्या कर्बामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा पुष्कळच कमी उष्णतेला वितळते. पण त्याच कर्बामुळे ते ठिसूळही होते. बिडाचा तवा वर्षानुवर्षे विस्तवावर टिकतो आणि हातून फरशीवर पडला की दुभंगतो, हा अनुभव आपल्या घरोघरी आहे. बीड दाबले असता प्रचंड भार सोसते; ताणले असता मात्र त्याच्या कित्येक पटींनी कमी ताकदीला तुटते. दिल्लीचा प्रख्यात लोहस्तंभ घडीव लोखंडाचा आहे. तापवून, ठोकून, गोळ्याला गोळा जोडून तो घडविलेला आहे. बिडाची जात निराळी. ते ठोकता येत नाही, ओतावे लागते. आणि त्याच्याकडून ओझे वाहवून घ्यायचे, तर ते दाबाखालीच ठेवावे लागते. कमानीत नेमके हेच घडते. कमानीवरचा भार तिच्या प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्यावर दाबीत दाबीत दोन्ही काठांकडे नेतो. म्हणून बिडाला साजेसा पूल कोणता, तर कमानीचा. पूल बांधणारांनी दगडी कमानीचे हजारो वर्षांचे ज्ञान येथे लोखंडाला लावले.

ही कल्पना प्रथम पुढे मांडली, ती टॉमस फार्नोल्स प्रिचर्ड या श्रूजबरीच्या वास्तुशिल्पज्ञाने. १७७३ साली त्याने जॉन विल्किन्सन या मोठ्या लोखंड-कारखानदाराला पत्र लिहून लोखंडी पुलाची सूचना केली. विल्किन्सनला लोखंडाचे इतके वेड की लोक त्याला त्याच नावाने ओळखीत. १७७५ मध्ये प्रिचर्डने नकाशे केले. बांधण्याचे काम पत्करले, ते पहिल्या डार्बीचा नातू, तिसरा अब्राहम डार्बी याने. त्या वेळी त्याचे वय पंचविशीच्या आसपास होते. १७७६ साली पार्लमेंटने पुलाचा कायदा मंजूर केला. पण त्याच वर्षी भागीदारांचे धैर्य खचले. लोखंडाचा बेत सोडून दगड, वीट किंवा लाकूड यांचा पूल बांधावा, असा विचार त्यांनी केला. मनाजोगती योजना मात्र कोणाकडूनच आली नाही आणि ते पुन्हा डार्बीकडे वळले. पुढे १७७७ मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रिचर्ड वारला. विल्किन्सननेही आपले भाग डार्बीला विकून टाकले. ज्याची कल्पना तो गेला, ज्याचा आधार तो बाजूला झाला. उरला तो एकटा डार्बी.

आता या पुलाच्या रचनेकडे वळू. नदीवर शेजारी शेजारी पाच मोठ्या फासळ्या उभ्या आहेत. प्रत्येक फासळीची आतली मुख्य कमान दोन अर्धांची असून ते दोन अर्ध माथ्यावर एकमेकांना भिडतात. असा एकेक अर्ध सुमारे ७० फूट लांब. सर्वांत जड तुकडा सुमारे साडेपाच टनांचा, म्हणजे वजनाने जवळजवळ दिल्लीच्या लोहस्तंभाच्या तोडीचा. आणि तो एका ओतात, एका साच्यात ओतलेला! मुख्य कमानीच्या बाहेरून आणखी दोन समकेंद्र कमानी निघतात व रस्त्याच्या पातळीला येऊन थांबतात. त्यांना जोडणारे आडवे दांडे, कोपऱ्यांतील कडी, वरचे पत्रे, असे सारे मिळून सुमारे १७०० तुकडे होतात. एकंदर वजन ३७८ टनांच्या वर.

हे तुकडे एकमेकांना जोडले कसे, ही यातील सर्वांत कुतूहलाची गोष्ट आहे. मूळ रचनेत बहुतेक सांधे बोल्टांचे नाहीत की रिव्हेटांचे नाहीत. एका तुकड्याला खाच ठेवायची, दुसऱ्याचे तोंड तिच्यात बसवायचे आणि पाचर ठोकून सांधा घट्ट करायचा. कोठे कबुतराच्या शेपटीसारखे रुंद होत गेलेले टोक तशाच खोबणीत अडकवायचे. हे सगळे सांधे सुताराचे आहेत. लोखंडात लाकडाची भाषा बोललेली आहे. आणि याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रिचर्ड हा सुताराचा मुलगा, आणि त्याचे पहिले शिक्षण त्याच धंद्यातले. कारखान्यात तपशिलाची आखणी ज्याने केली असे मानतात, तो टॉमस ग्रेगरी हा साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा कारागीर. मोठ्या लोखंडी बांधणीचा धंदाच जन्मला नव्हता. तेव्हा तिचे सांधे तरी कोठून आणावे? नवी वस्तू माणसाच्या हाती येते, पण हात जुनेच असतात. त्यांना येते त्यातूनच त्यांना आरंभ करावा लागतो.

एवढे जड तुकडे वाहत्या नदीवर चढविले कसे, याचा उलगडा दोनशे वर्षे होत नव्हता. डार्बीने पूल झाल्यावर त्याची चित्रे काढवून घेतली. बांधकामाची मात्र तपशीलवार हकीकत मागे राहिली नाही. १९९७ साली स्टॉकहोममध्ये एलिआस मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचे एक जलरंगातील लहानसे चित्र सापडले. त्यात अर्धवट उभारलेली कमान दिसते, आणि नदीत रोवलेली लाकडाची एक साधी परांची. त्यावरून तर्क निघाला की, तुकडे नावेत घालून नदीतून आणले व त्या परांचीच्या आधारे दोरखंडांनी वर उचलले. २००१ साली पुलाच्या एका भागाची निम्म्या मापाची प्रतिकृती याच रीतीने उभारून पाहिली, आणि ती उभी राहिली. पुलाच्या मोजणीत आणखी एक गोष्ट आढळली. एकाच कामाचे तुकडेही परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. पुष्कळसे आपल्या शेजाऱ्याच्या मापाने स्वतंत्र ओतून बसविलेले आहेत. यंत्रयुगाचा आरंभ म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या पुलाचा सांधान् सांधा असा हातकामाचा आहे.

मुख्य कमान १७७९ च्या उन्हाळ्यात चढली. पण पैशाचा हिशेब तितका सरळ उतरला नाही. अंदाज सुमारे ३,२०० पौंडांचा होता. प्रत्यक्षात खर्च ६,००० पौंडांच्या वर गेला असावा, असे मानतात. वरचा भार डार्बीने आपल्या अंगावर घेतला आणि त्या कर्जातून तो जन्मभर मोकळा झाला नाही. १७८८ साली लंडनच्या कला-संवर्धक सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. पुलाच्या टोकाशी नाक्यावर कराचे दर लिहिलेला एक फलक आहे. त्यात बजावले आहे की, हा पूल खाजगी मालकीचा असल्यामुळे कामावर असलेला शिपाई, टपालाची गाडी, फार काय, राजघराण्यातील माणसे, यांपैकी कोणालाही कर चुकणार नाही. पायी जाणाऱ्याला अर्धा पेनी पडे. या फलकात मोठा डौल दिसतो, पण त्यामागे ऋणाची चिंताही आहे.

पुलाची खरी परीक्षा झाली, ती १७९५ च्या फेब्रुवारीतील महापुरात. सेव्हर्नवरील जुन्या दगडी पुलांची त्या पुरात दाणादाण उडाली. त्यांचे जाड खांब व भरीव कमानी पाण्याला धरणासारख्या आडव्या आल्या. बिडाचा पूल मात्र अंगाने जाळीदार आणि उंच. त्याच्या एकाच मोठ्या गाळ्यातून पाणी वाहून गेले आणि पुलाला इजा झाली नाही. लोखंडी पुलावरचा विश्वास यानंतर झपाट्याने वाढला.

बिल्डवासचा जुना पूल याच पुरात गेला. त्याच्या जागी नवा पूल बांधण्याचे काम परगण्याचा सर्व्हेयर टॉमस टेलफर्ड याच्याकडे आले. त्याने डार्बीच्या पुलाचा नीट अभ्यास केला होता. १७९६ साली त्याने बिल्डवासला बिडाचाच पूल उभा केला. गाळा १३० फूट, म्हणजे डार्बीच्या पुलाहून ३० फुटांनी मोठा. आणि लोखंड सुमारे १७० टन, म्हणजे डार्बीच्या निम्म्याहूनही कमी! आरंभी सांगितलेला आक्षेप येथे आकड्यांनी सिद्ध होतो. परंतु टेलफर्डला निम्म्यात भागविता आले, ते डार्बीचा पूल सतरा वर्षे डोळ्यांपुढे उभा होता म्हणून. पहिल्याने जास्त खर्च केला, म्हणून दुसऱ्याला कमी खर्च करणे शक्य झाले.

आता दुसरा प्रश्न. ते जास्तीचे लोखंड वायाच गेले काय? याचे उत्तर नदीच्या काठांनी दिले. घळीच्या दोन्ही बाजूंची जमीन सावकाश नदीकडे सरकत असते. तिने काठावरची दगडी बांधकामे आत रेटली. कमानीचे पाय जवळ आले आणि तिचा माथा वर उचलू लागला. लोखंडात तडे दिसू लागले. कमानीतील बिडाने भार सोसला, पण जमीनच चालू लागली, त्याला कमानीने काय करावे? दक्षिणेकडचे दगडी बांधकाम फार जड होऊन सरकत होते. म्हणून १८०२ साली ते उतरवून तेथे लाकडी गाळे घातले, आणि १८२१ मध्ये त्यांच्या जागी लोखंडी गाळे आले. शेवटी १९७२ ते १९७५ या काळात अभियंत्यांनी नदीच्या तळाशी, या काठापासून त्या काठापर्यंत, उलट्या कमानीसारखा काँक्रीटचा एक भक्कम अडसर घातला आणि दोन्ही काठांना परस्परांपासून दूर धरून ठेवले. पाण्याखालचा हा दुसरा पूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पहिला पूल आज त्याच्या जोरावर उभा आहे.

या मधल्या दीडशे-दोनशे वर्षांत पूल कशावर टिकला? त्याच्या जास्तीच्या लोखंडावर. एखादा दांडा तडकला, तरी त्याचा भार वाटून घ्यायला शेजारी दुसरा होता. बिल्डवासच्या हलक्या पुलालाही असेच सरकते काठ छळीत होते; आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो काढून त्याच्या जागी दुसरा बांधावा लागला. ज्याला उधळा म्हणावे तो राहिला, आणि ज्याला काटकसरी म्हणावे तो गेला. टेलफर्डचे गणित चुकले, असा याचा अर्थ नव्हे. पण गणितात न धरलेल्या संकटासाठी थोडी शिल्लक बाळगावी, एवढे शहाणपण यातून घेण्याजोगे आहे.

पुलाचे भवितव्य लोखंडाइतकेच जमिनीवर अवलंबून असते, याचा प्रत्यय आपल्या देशातही आलेला आहे. लखनौचे नवाब सआदत अली खान यांनी गोमती नदीसाठी इंग्लंडातून बिडाचा एक पूल मागविला. त्याची आखणी जॉन रेनी या नामांकित अभियंत्याची. पण नवाब १८१४ मध्ये वारले आणि पुलाचे तुकडे त्यांच्यामागून लखनौला येऊन पोचले. लोखंड तयार होते. नदीच्या तळाशी खांबांच्या विहिरी उतरविण्याचे काम मात्र यशस्वी होईना. सुमारे तीस वर्षे ते तुकडे पडून राहिले, आणि अमजद अली शाह यांच्या कारकीर्दीत, १८४० नंतरच्या दशकात, पूल उभा झाला. नवाबांना लोखंड विकत आणता आले, पण नदीचा तळ काही विकत आणता येत नव्हता.

बिडाच्या पुलांचे युग तसे अल्पायुषी ठरले. बिडाला दाबाखाली ठेवावे, हा धडा आगगाडीच्या घाईत लोक विसरले. कमानीऐवजी बिडाच्या सरळ तुळया घालू लागले. आणि तुळईची खालची बाजू तर ताणली जाते. १८४७ साली चेस्टरजवळ डी नदीवर अशी एक तुळई आगगाडीखाली मोडली व पाच माणसे मेली. पुढे १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा पूल वादळात आगगाडीसकट कोसळला. गाडीतील एकही माणूस वाचला नाही. त्या पुलाचे उंच खांब बिडाचे होते, आणि त्यांच्या ओतकामात व जोडकामात दोष आढळले. सेव्हर्नवरची कमान चढल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्यानंतर मोठ्या पुलांत बिडाची जागा घडीव लोखंडाने व लवकरच पोलादाने घेतली.

डार्बीचा पूल मात्र अजून आहे. १९३४ साली तो गाड्यांना बंद करून त्याला संरक्षित स्मारक ठरविले, आणि १९५० मध्ये तो सार्वजनिक मालकीचा होऊन पादचाऱ्यांवरचा करही गेला. १९८६ साली युनेस्कोने त्या घळीला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. २०१७-१८ मध्ये सुमारे ३६ लक्ष पौंड खर्चून त्याची दुरुस्ती झाली. त्या वेळी रंगाचे जुने थर तपासता मूळ रंग तांबूस तपकिरी असल्याचे दिसून आले, आणि अनेक वर्षांचा करडा रंग काढून पुलाला त्याचा पहिला रंग पुन्हा देण्यात आला. आज त्याच्यावरून माणसे पायी चालत जातात, आणि कोणी त्यांच्याकडे अर्धा पेनीही मागत नाही.

कर्जात बुडालेल्या त्या तरुण कारखानदाराने जे जास्तीचे लोखंड घातले, त्याचा हिशेब त्याच्या हयातीत जुळला नाही. त्याची परतफेड पहिल्यांदा टेलफर्डला मिळाली आणि नंतर पुलाला. कोणतीही नवी गोष्ट प्रथम करणाराला तिची योग्य किंमत ठाऊक नसते. ती त्याच्या खर्चाने पुढच्यांना कळते. म्हणून अशा माणसाच्या कामातील अतिरेक मोजताना आपण हाती मापाची पट्टी घ्यावी हे खरे. पण ती पट्टी आपल्याला मिळाली कोणामुळे, याचीही आठवण ठेवावी.